पूर्तीची झाली मूर्ती

मला एका जागी उभं राहून बोलता येत नाही. शाळेत एका गुरुजींनी मला त्यांच्या उपरण्याने बाकाला बांधून ठेवलं होतं, तरी बाकाखाली माझे पाय चालूच होते. अर्थशास्त्राचा एम.ए. मी गच्चीवर येरझाऱ्या घालत केला. पुढे इंदूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा वर्गातही तेच सुरू झालं. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, मध्येच फळ्याकडे वळून पाठमोराच बोलत राहायचो. मुलं मागून हसायची. हसू देत, असं म्हणायचो. चाललो नाही तर मला पुढचं वाक्यच सुचायचं नाही.

मध्यप्रदेश होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी शिकलो इंग्रजीत, घरात बोलायचो मराठी, आणि आता शिकवायचं होतं हिंदीत. नवे पारिभाषिक शब्द आदल्या संध्याकाळी पाठ करून जायचो आणि विसरण्याआधी सांगून मोकळं व्हावं म्हणून भरभर बोलायचो. एकूणच त्या दिवसांत मला कुठे स्वस्थता नव्हती.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वह्या तपासत होतो. एका वहीत सुरेख, वळणदार अक्षरात मथळा होता, ‘मूर्ति का नियम’. खाली लिहिलं होतं की भाव वाढला की मूर्ति वाढते, भाव पडला की मूर्ति घटते. पुरवठ्याला हिंदीत पूर्ति म्हणतात. पानभर त्या पूर्तीची मूर्ती झाली होती आणि बाकी सगळं अगदी बरोबर होतं. स्टाफरूममध्ये मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मग लाल शाईने खाली शेरा मारला, ‘कक्षा में ध्यान दीजिए’.

वह्या परत केल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मराठी घरातली, वडील कापडाच्या गिरणीत कारकून. पहिल्या बाकावर भिंतीकडेला बसायची आणि कधी एक शब्द बोलायची नाही.

“सर, मी लक्ष देते,” ती म्हणाली. आवाज एकाच पट्टीतला होता, चढ नाही, उतार नाही. “मला ऐकू येत नाही. मी तुमच्या ओठांवरून समजून घेते.”

नवव्या वर्षी मोठा ताप आला आणि कान गेले, तिने सांगितलं. आईने घरीच रोज समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं होतं. प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. मूर्ती हा शब्द तिने लहानपणी ऐकला होता, पूर्ति कधीच ऐकला नव्हता. मग जो माहीत होता तोच तिने लिहिला. प्रवेशाच्या वेळी तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर घेणार नाहीत, अशी वडिलांना भीती होती.

लाल शाईचा तो शेरा मला नजरेसमोरून हलवता येईना. मी काय करू, असं मी तिला विचारलं. तिने त्याचा आधीच विचार केलेला दिसला. मी चालतो तेव्हा निम्मं बोलणं हातचं जातं, फळ्याकडे तोंड करतो तेव्हा सगळंच. नवा शब्द आधी फळ्यावर लिहिला तर बरं होईल. एवढं सांगून ती थांबली, आणि मग खाली बघत म्हणाली, “आणि मिशी, सर. वरचा ओठ दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी खडूने जमिनीवर एक चौकोन काढला आणि त्यात उभा राहिलो. दहा मिनिटांत घामाघूम झालो. जीभ अडखळू लागली, रोजचा विषय असून पुढचा मुद्दा आठवेना. मुलं एकमेकांकडे बघू लागली. तासाच्या शेवटी मी पुस्तकातून सरळ वाचून दाखवलं. असले चार दिवस गेले. चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात आली आणि म्हणाली की तुम्ही चालत होता तेव्हा जास्त समजायचं. आता ओठ दिसतात, पण त्यांवर काही येतच नाही.

त्यातून आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली. बोलायचं ते खिडकीच्या उजेडात, तिच्याकडे तोंड करून, थांबून. एक मुद्दा झाला की वर्गाने तो लिहून घ्यायचा आणि तेवढ्यात मी तोंड मिटून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचं. चालताना पुढचा मुद्दा मनात जुळायचा. सुरुवातीला वर्गात खूप हशा झाला. मग मागच्या बाकांवरची मुलंही लिहू लागली, कारण लिहायला वेळ मिळू लागला होता. शेजारच्या मुलीने आपल्या वहीत कार्बन घालून एक प्रत तिला द्यायचं कबूल केलं.

मिशीचं मात्र सोपं नव्हतं. आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि मिशी आमच्याकडे त्यांच्यापासून चालत आली होती. आधी मी ती कातरून बारीक केली, पण त्याने भागलं नाही. शेवटी एका रविवारी न्हाव्यासमोर बसलो आणि सगळी काढा म्हटलं. त्याचा वस्तरा हातातच राहिला. “भिया, घर में सब ठीक?” त्याने हळूच विचारलं. वडील गेल्याशिवाय कोण मिशी उतरवतो?

घरी वडील व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पेपराची घडी केली आणि म्हणाले, “मी अजून बसलोय इथे.” मी कारण सांगितलं. एका पोरीसाठी, एवढंच विचारून ते आत गेले. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, तिला आता समजतं का? मी हो म्हटलं. त्यांनी ताक मागितलं आणि विषय तिथेच संपला.

माझ्या तासाला तिला समजत होतं, बाकीच्या तासांना नाही. मी स्टाफरूममध्ये दोघातिघांशी बोललो. एक गृहस्थ सभ्यपणे म्हणाले की वर्गात सत्तर मुलं आहेत, एकीसाठी शिकवणं बदलायचं तर कुणाकुणासाठी बदलत बसायचं. काही महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. प्राचार्यांकडे जावं असं रोज वाटे. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. तिच्या बहिरेपणाचा बोभाटा झाला तर तिलाच घरी बसवतील, अशी मनाची समजूत घातली. ती समजूत खरी होती की माझा भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत अर्थशास्त्रात तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. राज्यशास्त्रात ती नापास झाली. पुरवणी परीक्षेला बसून, घरी एकटीने पुस्तकं वाचून तिने तो विषय सोडवला आणि पेढे घेऊन आमच्या घरी आली. वडिलांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तोंड वर करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत अभिनंदन केलं.

आता एम.ए. कर, मी म्हटलं. तिने मान हलवली.

“नको सर. दोन वर्षं पुन्हा प्रत्येकाला सांगायचं, तोंड इकडे करा म्हणून. थकायला होतं.”

एका दफ्तरात टायपिस्टची जागा तिने आधीच धरली होती. मी अजून दोनदा सांगून पाहिलं. तिने माझं सगळं बोलणं नीट वाचून घेतलं आणि तरी नाहीच म्हटलं.

पुढच्या जुलैमध्ये नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी शिकवायला सुरुवात करण्याआधी विचारलं, माझं बोलणं कुणापर्यंत पोचत नसेल, कुठल्याही कारणाने, तर मला सांगा. एकही हात वर झाला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत दर जुलैला मी तेच विचारत राहिलो. वर्गात कधीच कुणी हात वर केला नाही. क्वचित एखादं कुणी तास संपल्यावर व्हरांड्यात थांबलेलं असे.