पान सत्तेचाळीस

सगळं कॉलेज तिला कार्डताई म्हणायचं. ती ग्रंथालयात परिचर होती. पुस्तकं काढून द्यायची, परत आलेली रॅकमध्ये लावायची. एकोणीस वर्षं. तळघरातल्या जुन्या मासिकांच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असे.

प्रबंधिका लिहिणारी मुलं गाइडच्या आधी तिला गाठायची. "ताई, संदर्भ कमी पडतायत." ती विषय विचारायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि बुटांच्या खोक्यातून कार्डं काढायची. प्रत्येकावर मासिक, अंक, साल, पान. खाली बारीक अक्षरात तिचं स्वतःचं एखादं वाक्य.

"पान लिहा रे बाबांनो," ती म्हणायची. "पान नसलं की माणूस थापा मारतोय असं वाटतं."

मी एम.ए.ला असताना तिची साठ कार्डं नेली. जुन्या मासिकांतली बायकांची पत्रं, हा विषयही तिनेच सुचवला होता. "वापर गं खुशाल. कार्डं तेवढी परत आण." दुपारी आम्ही एकाच डब्यात खायचो.

तीही बाहेरून एम.ए. करत होती. विषय तोच. पदवी मिळाली तर सहायक ग्रंथपालाची जागा होती. पण वयाची अट जूनमध्ये आड येणार होती. घरी सासूबाई म्हणायच्या, "पुस्तकं उचलून अक्कल आली असती तर हमाल प्रोफेसर झाले असते." नवरा हसायचा. ती मलाही हे हसतच सांगायची. "हमालाला गोणीत काय आहे ते ठाऊक नसतं. मला असतं."

फेब्रुवारीत तिने प्रबंधिका दिली. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने अहवाल काढला. एकसष्ट टक्के मजकूर आधीच सादर झालेला, अकरा विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत. यादीत मी तिसरी होते.

संदर्भ आम्ही सगळ्यांनी चोख दिले होते. मासिकांचे. तिची वाक्यं मात्र आमची म्हणून लिहिली होती. कार्डाचा संदर्भ कोण देतं?

समितीपुढे ती पाच खोकी घेऊन गेली. तीन जिने चढून.

"ही माझी कार्डं, सर. मुलांनी यावरून घेतलंय."

विभागप्रमुखांनी एक कार्ड उलटसुलट केलं. "कधी लिहिलंत?"

"दहा-बारा वर्षं झाली असतील."

"तारीख कुठाय? गेल्या आठवड्यात लिहून आणलं नाहीत कशावरून?"

दुसऱ्याच्या ओळीला साल लावल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नसे. स्वतःच्या ओळीला तिने ना नाव घातलं होतं, ना तारीख.

मग तिने माझं नाव घेतलं. यादीतल्या आम्हाला दाराबाहेर बसवलं होतं, मला आत बोलावलं.

"यांच्या कार्डांवरून लिहिलंत?"

हो म्हटलं असतं तर माझी पदवी गेली असती. पदवीमागोमाग नवी नोकरी.

"ताई मासिकं काढून द्यायच्या," मी म्हणाले. "कार्डांचं नीट आठवत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खोक्यांची झाकणं लावत राहिली.

"जे आधी सादर झालं ते मूळ," विभागप्रमुख म्हणाले. "फार तर या मुलांचे संदर्भ द्या आणि पुन्हा सादर करा."

"संदर्भ कसे द्यायचे ते शिकवायला पाठवू का कुणाला, बाई?" ग्रंथपालांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले.

सुधारलेली प्रबंधिका सप्टेंबरात मंजूर झाली. जागा जूनमध्येच भरली होती.

तिने फोन केला. "येऊन बघून जा." तळघरातल्या टेबलावर तिची प्रत उघडून ठेवली होती. अवतरणचिन्हांत तिचं वाक्य होतं: 'सही नसलेल्या पत्रात बाई जास्त खरं बोलते.' खाली माझं नाव, साल, पान ४७.

तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"पान बरोबर आहे ना? तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"बरोबर आहे."

"खात्री कर. आठवत नाही म्हणशील मागाहून."

"बरोबर आहे, ताई."

तिने प्रत मिटली, पाठीवर नंबर चिकटवला आणि रॅकमध्ये लावली. माझ्या प्रबंधिकेला लागून. विषय एकच होता, म्हणून जागाही तीच होती.