चौथ्या गाण्यातला वरचा आवाज

प्रेसमध्ये आहे, असं प्रेसवाल्यांनी म्हटलं की नवखा माणूस जरा सावरून बसायचा. मग कळायचं, हा प्रेस वर्तमानपत्राचा नाही, चादरींचा. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं त्या लाँड्रीत धुवायला यायचं आणि प्रेसवाले ते वाफेच्या मशीनखाली सपाट करून परत धाडायचे. उभा जन्म त्या वाफेत गेला. हातांवर जुन्या चटक्यांचे डाग, आणि बोलणं कायम वरच्या पट्टीत, कारण मशीनपुढे हळू बोललेलं ऐकणार कोण? चाळीत सगळे त्यांना प्रेसवालेच म्हणत. खरं नाव बहुतेक फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

अशा माणसाला छंद कसला असावा? तर चर्चमध्ये लहान मुलं गातात ना, पांढरे झगे घालून, ओळीत उभी राहून, त्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा. देशोदेशीच्या मुलांचे क्वायर. जुन्या बाजारात कॅसेट शोधायची, भंगारवाल्याकडून सीड्या आणायच्या, पुढे फोनवरही मिळायला लागलं. शब्द परक्या भाषेतले, एकाचाही अर्थ कळत नसे. पण मतं मात्र ठाम! "हा नाकातून गातोय." "हा गोड आहे, पण वर जाताना घाबरतो बिचारा." "आता हा बघा, याचा आवाज फुटायला आलाय, म्हणून असा भरून आलाय. पुढच्या वर्षी हा संपला." शेजारचे वकीलकाका एकदा म्हणाले, "अहो, या सगळ्या पोरांना आता दाढ्या आल्या असतील, टक्कल पडलं असेल." प्रेसवाले म्हणाले, "पडू द्या. इथे नाही पडलं."

पण खरी सीडी एकच. बाकीच्या सगळ्या तिच्याशी ताडून बघायला. ती त्यांच्याच वस्तीतल्या चर्चच्या क्वायरची, आणि त्या क्वायरमध्ये त्यांचा मुलगा होता.

एकुलता एक. भोंगू म्हणायचे त्याला. जन्मला तेव्हा असा काही रडायचा की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, काय झालं हो? प्रेसवाले त्यावर हसून म्हणायचे, लाँड्रीचा भोंगा बिघडला तर याला नेऊन ठेवतो. आठव्या वर्षी चर्चच्या मास्तरांनी, म्हणजे क्वायरच्या सरांनी, त्याला निवडलं. पाच वर्षं गायला. प्रेसवाल्यांची रविवारची पाळी असायची, त्यामुळे त्यांनी त्याला ओळीत उभा राहून गाताना फार तर तीन-चारदा पाहिलं असेल. "निवृत्त झालो की पहिल्या बाकावर बसेन," म्हणायचे. चौदावं लागलं आणि पोराला मेंदूचा ताप आला. ज्या इस्पितळाच्या चादरी बाप इस्त्री करायचा तिथेच तो गेला. आता यावर काय बोलायचं? माणसाने बोलू नये.

तो गेल्यावर प्रेसवाल्यांनी अन्नपाणी सोडल्यातच जमा होतं. घोटभर चहा, तोही बायकोने हातात धरून ठेवला तर. मग एक दिवस चर्चमधून ती सीडी घरी आली. तो आजारी पडण्याच्या थोडं आधी क्वायरचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग झालं होतं, त्याची प्रत. प्रेसवाल्यांनी ती लावली. पहिलं गाणं गेलं, दुसरं, तिसरं. चौथ्यात बाजा थांबतो, सगळी मुलं खाली एकाच सुरावर थांबून राहतात, आणि त्यांच्यातून एक आवाज सुटतो आणि एकटाच वर जातो. प्रेसवाले ताडकन उठून उभे राहिले. "हा! अगं, हा आपला! भोंगू आहे गं हा!" बायको मोरीत भांडी घासत होती. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चौथं गाणं. आल्यागेल्याला ऐकवायचं. "हा बघा, हाच." लोकही माना डोलवायचे. दुसरं करणार काय? बायको तेवढी गाणं लागलं की उठून खाली जायची, दोरीवरचे कपडे काढायला, कधी नुसतीच फाटकाशी उभी राहायला. लोक म्हणायचे, आईचं काळीज, सोसत नाही तिला.

अशी अकरा वर्षं गेली. प्रेसवाले निवृत्त झाले. आणि मग चर्चमधल्या फादरनी बातमी दिली की ते जुनं रेकॉर्डिंग नव्याने काढणार आहेत, चांगलं स्वच्छ करून, वर सगळ्या मुलांचा फोटो, आत माहिती, तीही क्वायरच्या सरांच्या सहीने. झालं! प्रेसवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. चौथ्या गाण्यापुढे भोंगूचं नाव छापलं पाहिजे. एकट्याचा आवाज आहे, एकट्याचं नाव नको? पोराचं नाव जगात कुठेतरी छापून राहील, एवढीच काय ती त्यांची मागणी.

"कशाला जाताय?" बायको म्हणाली. "फोटोत आहे ना तो? झालं तर मग."

"फोटोत चाळीस आहेत. गाणारा एक आहे."

"सरांना बरं नसतं. गुडघे धरलेत त्यांचे."

"गुडघ्यांनी सही करायची आहे का त्यांना?"

ती खूप आडवी आली. नंतर-नंतर तर भांडली. शेवटी पदर खोचून म्हणाली, "मग मी पण येते." आणि दोघं निघाली.

सर बहिणीकडे राहत होते, मागच्या खोलीत. पियानो होता, पण झाकण बंद आणि वर औषधांच्या बाटल्या. पाय स्टुलावर ठेवून बसले होते. प्रेसवाल्यांनी आपलं म्हणणं मांडलं, मशीनपुढे बोलायचे तसंच, खणखणीत. सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला.

"तो भोंगू आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे, सर? बापाचे कान आहेत."

सरांनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

ती खाली बघत होती. "राहू द्या ना, सर," एवढंच म्हणाली.

"काय राहू द्या?" प्रेसवाले म्हणाले. "काय सांगायचं होतं?"

सर सरळ माणूस. आयुष्यभर पोरांचा एक-एक सूर दुरुस्त करण्यात गेलं, खोटं चालवून घ्यायची सवयच नाही. त्यांनी सांगितलं. मुलाचा आवाज फुटायला लागला की त्याला लगेच क्वायरमधून काढत नाहीत. वर्ष संपेपर्यंत ओळीत उभा ठेवतात. पाच वर्षं शेजारी उभी राहिलेली पोरं, कोण कुठे श्वास घेतो, कोणाचा खांदा कुठे लागतो, याची एकमेकांना सवय झालेली असते. एक हलवला की अख्खी ओळ बिचकते. म्हणून त्याने तिथेच उभं राहायचं, वेळेवर श्वास घ्यायचा, तोंड उघडायचं, मिटायचं, पण आवाज काढायचा नाही. पोरं अशाला मासा म्हणतात.

"रेकॉर्डिंग झालं तेव्हा भोंगू मासा होता," सर म्हणाले. "दोन महिने आधीपासून. एकदम घोगरा झाला होता त्याचा आवाज."

"चौथ्या गाण्यात?"

"सगळ्याच. एका दिवसात केलं ते सगळं."

प्रेसवाल्यांनी बोट वर केलं. "पण मग तो वर जातो तो..."

"दुसरा मुलगा आहे. आता बस चालवतो तो, दोन पोरं आहेत त्याला. त्याच्या गाण्यावर मी दुसऱ्याचं नाव कसं घालू, तुम्हीच सांगा."

"आणि आधीच्या वर्षांचं काही?"

"तेव्हा कुठे होतं आपल्याकडे रेकॉर्डिंग."

माणूस बुडताना हात मारतो. प्रेसवाल्यांनीही मारला. "श्वास घ्यायचा म्हणालात ना? म्हणजे त्याचा श्वास तरी असेल त्यात. नीट ऐकलं तर?"

सरांना आता खरंच वाईट वाटत होतं, पण विचारलंय तर उत्तर द्यायला नको? "श्वास सगळे काढून टाकले होते मी," ते म्हणाले. "मशीनवर बसून एक-एक कापला. कानाला खुपतात ते."

बहीण चहा घेऊन आली. कोणी प्यायला नाही. निघताना सर म्हणाले, "तो फार चांगला गायचा हो. खोटं नाही सांगत." प्रेसवाल्यांनी मान हलवली, पायात चपला घातल्या, त्याही उलट्या, आणि बायकोने वाकून त्या सरळ केल्या.

बसच्या थांब्यावर दोघंच होती.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"त्याने मला सांगितलं होतं. रडला होता मांडीवर डोकं ठेवून. बाबांना सांगू नकोस म्हणाला, ते सगळ्यांना सांगत सुटलेत माझं गाणं येणार म्हणून."

"आणि तो गेल्यावर? अकरा वर्षं गं! अकरा वर्षं तू माझा पोपट होऊ दिलास!"

"त्या दिवशी तुम्ही जेवलात," ती म्हणाली. "माझ्यासमोर माणूस वाळत चालला होता, आणि त्या दिवशी जेवला. मी काय करायला हवं होतं? तुमच्या पुढ्यातलं ताट ओढून घेऊ?"

एक बस आली, गेली. चालवणाऱ्याकडे प्रेसवाल्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

घरी आल्यावर ते सीडी फोडतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी हातही लावला नाही. खुर्चीत बसले, डोळे मिटले. आवाज त्या सीडीत नाही तर नाही, डोक्यात तर आहे? बापाच्या डोक्यातून कोण काढून नेणार? त्यांनी पोराला आठवायला घेतलं. जिन्यावरून धावत वर येणारा. दार उघडून आत येतो, दप्तर टाकतो. शर्टाची बटणं आठवली, गुडघ्यावरची खपली आठवली, पुढच्या दातांतली फट आठवली. पोराने तोंड उघडलं आणि "बाबा" म्हणाला. आणि आवाज आला तो चौथ्या गाण्यातला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली, जिन्यापासून. पुन्हा तोच. न्हाणीतून ओरडणारा भोंगू, गृहपाठाला बसल्यावर कटकट करणारा भोंगू, इस्पितळात पाणी मागणारा भोंगू, सगळे त्या बस चालवणाऱ्याच्या आवाजात बोलायला लागले. अकरा वर्षं रविवारामागून रविवार त्यांनी स्वतःच्या हाताने एकावर दुसरा चढवला होता, आणि खालचा पार सपाट झाला होता. ते घाबरले. पोरगा गेला तेव्हाही असे घाबरले नव्हते.

"अगं," त्यांनी हाक मारली. "अगं, इकडे ये आधी."

ती धावत आली.

"त्याचा आवाज आठवतो तुला?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आठवतो. म्हणून तर मी खाली जायचे. दुसऱ्या पोराचा आवाज कानात बसायला नको म्हणून."

"मग कसा होता? म्हणून दाखव. बाबा म्हण. त्याच्यासारखं म्हण."

"मला कसं जमेल हो ते?"

"म्हण ना! एकदाच."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. घसा साफ केला. "बाबा," ती म्हणाली. साठीला टेकलेल्या बाईचा आवाज, दम्याने चिरकलेला. तिलाच ते ऐकवलं नाही. तिने आवाज बारीक केला, पुन्हा म्हणाली. आणखी वाईट झालं. "नाही हो, असा नव्हता," ती म्हणाली आणि रडायला लागली. "जरा जाड होता. शेवटी तुटायचा. 'बा'वर जोर द्यायचा तो."

प्रेसवाले डोळे मिटून ते जुळवत बसले. जाड. शेवटी तुटणारा. 'बा'वर जोर. शब्दच होते ते, त्यातून पोरगा काही बोलेना.

"पण तुला येतोय ना ऐकू? आत्ता? आत?"

"येतोय."

"मग मला दे की गं थोडा," ते म्हणाले.

तिने त्यांचे दोन्ही हात धरले. तिच्या डोक्यात तो बोलतच होता, स्वच्छ, जसाच्या तसा, आणि त्यातला एक शब्दही तिला नवऱ्याला काढून देता येईना.