खाऱ्या तळ्याकडे

"सायेब, त्यो डोंगूर किती लांब असंल?" डोळ्यांवर आडवा तळवा धरून तो विचारी.

"असेल तीन-चार मैल."

"इथं व्हय. वरती एवढाच दिसला तर तीन दिसांची वाट!"

वरती म्हणजे लडाखच्या पठारावर. पिंपरीत आमचा कारखाना नवा उभा राहत होता. मी गुदामात कारकून, तो फाटकावर पहारेकरी. मूळचा मोशीचा, त्याआधी पलटणीत खेचरं हाकायचा.

त्याच्याजवळ घटकाभर बसला असतात, तर वैशाखातही तुमच्या अंगावर काटा आला असता. तिथं झाड नाही. पाणी उकळतं, पण डाळ शिजत नाही. नद्या समुद्राला जातच नाहीत. खाऱ्या तळ्यात शिरतात आणि तिथंच राहतात. "तोंड उन्हानं भाजतंय आन् सावलीतला पाय गोठतोय," तो म्हणे. "तळं असं निळं, का बगूनच तहान लागावी. पन पिता येत न्हाई."

दोन-तीन महिन्यांनी तळेगावहून एक म्हातारी फाटकाशी येई. तिचा मुलगा याच्याच तुकडीत होता. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढंच आलं होतं.

"काय खबर?"

"लांबचा पल्ला हाय, मावशी," एवढंच बोलून तो मान खाली घाली.

एका रविवारी तो मला म्हणाला, "संगं चला, सायेब. आज सांगून टाकतो."

म्हातारीच्या ओट्यावर बसून त्यानं सांगितलं. मुलगा सुटलेल्या खेचरामागं तळ्याकडे गेला होता. तळं जवळच वाटत होतं. "हवा लई निर्मळ, मावशी. दोन दिस त्यो आमाला दिसत व्हता, ठिपक्याएवढा. मग बर्फाचं वारं सुटलं. समदी मागं फिरली. म्या बी फिरलो."

म्हातारीनं एवढंच विचारलं,

"चालत व्हता न्हवं?"

"व्हय. दिसंस्तवर चालत व्हता."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा दांडगा गडी, पण लहान पोरासारखा रडला. मग ती उठून चुलीकडे गेली. म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

पुढं दर रविवारी तो तळेगावला जाई. तिचं पाणी भरी, कौलं शाकारी. तिसऱ्या वर्षी ती गेली. तो कामावर परतला तो डोकं भादरून. आठवड्यातच त्यानं नोकरी सोडली.

तो वरती निघाला होता; मी स्टेशनवर पोचवायला गेलो. म्हातारीच्या अस्थी इंद्रायणीत सोडल्या होत्या, पण चिमूटभर राख त्यानं एका लोट्यात मागं ठेवली होती.

"परत कधी?" मी विचारलं.

"लांबचा पल्ला हाय, सायेब," तो हसून म्हणाला. गाडी हलली, तेव्हा फडक्यात बांधलेला लोटा त्यानं मांडीवर घेतला होता आणि खिडकीतलं वारं लागू नये म्हणून त्याच्यावर दोन्ही हात धरले होते.