आवाज गेला

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत आणि तोही ते नाव मिरवायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते छातीठोकपणे सांगायचं. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. ऐकल्याशिवाय गाडी उघडायची नाही, हा त्याचा बाणा. "उघडून काय, कोणीही सांगेल," असं तो नाक मुरडून म्हणायचा. काम झालं की एक चक्कर मारून यायची, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची आणि दोनच शब्द बोलायचे: "आवाज गेला." त्यावर पुढे काही विचारायची कोणाची टाप नव्हती.

घरी मात्र या कानसेनाला चहाच्या किटलीची शीळसुद्धा ऐकू येत नसे. "अहो, शेजारी बसलाय आणि किटली कधीची बोंबलतेय!" बायको स्वयंपाकघरात धावत यायची. "लक्ष नव्हतं माझं," तो म्हणायचा. नवऱ्यांना कामाचं तेवढं ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनेही ते कधी मनावर घेतलं नाही.

चढावरच्या भूगोलाच्या बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांचे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. गाडी यजमानांचीच. बाई ती आता शाळेत नेत.

"ब्रेक दाबला की बारीक शीळ वाजते," त्या म्हणाल्या. "विशेषतः आमच्या फाटकाशी."

कानसेन चक्कर मारून आला. त्याला शीळ ऐकू आली नाही, पण पुढच्या चाकाची घरघर आली. बेअरिंग गेलं होतं. ते त्याने बदललं. आवाज गेला.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा दारात. शीळ तशीच. या वेळी तो त्यांच्या शेजारी बसला. फाटकाशी बाईंनी ब्रेक दाबला.

"ही बघा. आता."

त्याने कान टवकारले. काही नाही. बाई पुन्हा थोड्या मागे गेल्या, पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात नुसती विनवणी होती. त्याने नकारार्थी मान हलवली.

मग बाई हळूच म्हणाल्या, "हे घरी आले ना, की फाटकाशी अशीच शीळ घालायचे. मी दार उघडावं म्हणून."

कानसेनाचा जीव कळवळला. त्याला सगळं लख्ख कळलं, निदान तसं वाटलं. तो मऊ आवाजात म्हणाला, "बाई, घर एकदम शांत झालं की माणसाला काहीबाही ऐकू येतं. गाडीत काही नाही. तुम्ही जरा डॉक्टरांना दाखवा."

बाईंनी मान डोलवली. ज्या गावाने त्याच्या कानांवर इतकी वर्षं विश्वास ठेवला, त्यात बाईही आल्याच. त्यांनी स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं.

त्याच आठवड्यात शाळेची व्हॅन आली. "ब्रेकला चीं चीं होतंय, पोरं वैतागलीत," व्हॅनवाला म्हणाला. कानसेनाने चक्कर मारली, चाकांवर हवा मारली. "धूळ होती. आवाज गेला." व्हॅनवाला खूश होऊन गेला.

महिन्याभराने बाईंनी किल्ली आणून त्याच्या टेबलावर ठेवली. चेहरा ओढलेला, डोळे झोपाळलेले. "गोळ्या चालू आहेत," त्या म्हणाल्या. "तरी शीळ येतेच. फाटकाशी आलं की हातपाय गार पडतात माझे. गाडी विकून टाका. त्यांची एवढीच वस्तू राहिली होती, पण आता मला तिची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी एका गिऱ्हाइकाला दाखवायला निघाला. वाटेत बाजारात उतरायचं म्हणून बायको शेजारी बसली. पहिल्याच वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"काय झालं?"

"काय झालं काय! केवढी किंचाळतेय ही! असली गाडी दाखवणार तुम्ही?"

त्याने पुन्हा ब्रेक दाबला. तिने पुन्हा तोंड वाकडं केलं. गाडीत त्याला इंजिनाची गुरगुर ऐकू येत होती, चाकांची घरघर येत होती. बाकी काही नाही.

"अहो," बायको एकदम थांबली. तिला किटली आठवली असणार. "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

तो गाडी वळवून गॅरेजात आला. जॅक लावून त्याने मागचं चाक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा न ऐकता उघडलं. आतल्या बाजूचं ब्रेक पॅड झिजून कागदाएवढं उरलं होतं. पॅड संपत आलं की मालकाला कळावं म्हणून त्याला पत्र्याची एक पट्टी असते. ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. गेला दीड महिना ती बिचारी आपलं काम करत होती. तो तिथेच जमिनीवर बसला. बाईंच्या गोळ्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

नवीन पॅड घालून दुपारी तो बाईंकडे गेला. त्याने त्यांनाच चालवायला सांगितलं. फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला.

"आवाज गेला?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगा, बाई. मला आधीही ऐकू येत नव्हता आणि आताही येत नाही. तुमचे कान चांगले आहेत. माझेच गेलेत, बारीक आवाज पोचतच नाही. तुम्हाला मी वेड्यात काढलं."

बाईंनी पुन्हा ब्रेक दाबला. "गेला," त्या म्हणाल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागल्या. त्या त्याला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी डोळे पुसले. "मी वेडी नाही, हे बरंच झालं हो. पण आता फाटकाशी कोणी नाही."

तो पायीच उतरायला लागला. शेजारून गाड्या जात होत्या आणि त्यातली प्रत्येक त्याच्या ओळखीची होती. हिच्या मालकाला गेल्या वर्षी सांगितलं, आवाज गेला. हिच्या मालकाला खुर्चीवर बसवून, किल्ली हातावर ठेवत कौतुकाने तेच सांगितलं होतं. कधीपासून गेले होते कान? दोन वर्षं? चार? आणि चाकांवर नुसती हवा मारून त्याने कोणाला परत पाठवलं होतं?

त्याने वळून वर पाहिलं. शाळा नुकतीच सुटली होती. वरून व्हॅन येत होती, खिडक्या मुलांनी भरलेल्या. तो रस्त्याच्या कडेला आला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "थांब!"

व्हॅनवाल्याला वाटलं, कानसेन ओळख दाखवतोय. त्यानेही हसून हात केला आणि व्हॅन पुढे निघून उताराला लागली.

खालच्या वळणापाशी मागचे लाल दिवे लागले. त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण मागच्या काचेशी बसलेल्या दोन मुलींनी एकदम कानांवर हात ठेवलेले त्याला दिसले, आणि तो उतारावरून धावत सुटला.