बादार्चनं भोंगा वाजवला नाही

आमच्या माणसाच्या गाडीत बसायचं तर पोटभर जेवून निघावं, असं चोइबाल्सान शहराच्या गाडीतळावर सगळे म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण खोटं नाही. दुसऱ्या कोणाची गाडी सकाळी निघाली की दुपारी आमच्या गावात असते. माझ्या नवऱ्याची, बादार्चची, उन्हं कलायच्या आत आली तरी नशीब म्हणायचं. कारण काय, तर वाटेत कोणी ना कोणी आडवं येतं आणि हा थांबतो. माणूस आडवा आला तर एक वेळ हात हलवून पुढे जाईल. पण तो आडवा येणारा चार पायांचा किंवा पंखांचा असला, की संपलंच.

एकदा करकोच्यांचं जोडपं पिल्लू घेऊन गाडीवाटेनं चाललं होतं. हा त्यांच्या मागे पायी चालण्याच्या चालीनं गाडी नेत राहिला. मागच्या बाकावरच्या एका बाईला पुढची बस गाठायची होती. ती म्हणाली, "भाऊ, बाजूच्या गवतातून काढा की." हा म्हणाला, "गवतात ह्यांचं दुसरं पिल्लू असलं तर?" रस्त्यात ससा मरून पडलेला दिसला तरी उतरतो, कान धरून त्याला लांब टाकून येतो. म्हणे गरुड खायला उतरेल, पोट भरल्यावर त्याला चटकन उडता येत नाही, आणि मागून येणारा त्याला उडवेल. लांडगा दिसला तर टोपी सरळ करतो. लांडगा दिसणं भाग्याचं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. फरक एवढाच की बाकीचे ते भाग्य पकडायला गाडी त्याच्यामागे घालतात.

आणि हरणं. आमच्या माळावरच्या हरणांना एक खोड आहे. गाडी चालू दिसली की तिच्या बरोबरीनं धावायचं, आणि काही झालं तरी तिच्या पुढूनच आडवं जायचं. मागून जाणं त्यांना मान्यच नाही. तरण्या ड्रायव्हरांना हा खेळ वाटतो. ते आणखी वेग घेतात, शिट्ट्या मारतात, आणि मग एखादं हरीण चाकाखाली येतं आणि रात्री त्याचा रस्सा होतो. बादार्च गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. मी शेजारी बसून तिकिटाचे पैसे गोळा करते, लोकांची बोलणी खाते आणि ती घरी गेल्यावर व्याजासकट त्याला परत करते. तो ऐकून घेतो आणि चहा मागतो.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की त्या दिवशी तो जे वागला ते काही नवीन नव्हतं. तो तसाच आहे. फक्त त्या दिवशी गाडीत त्याची आई होती.

माझी सासू दोल्जिन म्हणजे कडक बाई. वाळवलेल्या दह्याच्या वडीसारखी, दात पडला तरी चालेल पण ती मऊ होणार नाही. हिवाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या इस्पितळात ठेवली, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. मी ते नवऱ्याला कसं सांगावं याचा विचार करत होते, तर म्हातारी खाटेवरूनच ओरडली, "कुजबुजता काय? मला ऐकू येतं. दिसत नाही, ऐकू येतं."

खरंच तिला दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं. गाडीत मधली बाकं काढून आम्ही लोकरीचा जाड नमदा पसरला, त्यावर तिला निजवली. धाकटा दीर गोन्चिग शहरात टायरचं दुकान चालवतो, तो दुकान बंद करून बरोबर आला. निघताना वाट सुखाची व्हावी म्हणून मी चाकांवर दूध शिंपडलं, तेव्हा म्हातारीनं बादार्चला जवळ बोलावलं.

"ओवोपाशी आलास की तीनदा भोंगा वाजव. नेहमी वाजवतोस तसा."

"वाजवीन, आई."

"मला वाटेत फसवू नका, आलो आलो म्हणून. मी भोंगा ऐकेन, तेव्हाच मानेन की मी घरच्या जमिनीवर आले. तोवर मी मरत नाही. त्यानंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे."

ओवो म्हणजे आमच्या हद्दीवरच्या चढावर दगडांचा ढीग आहे, निळी रेशमी वस्त्रं बांधलेला. त्याच्या अलीकडे शेजाऱ्यांची जमीन, पलीकडे आमची. गाडी तिथून जाताना तीनदा भोंगा वाजवायचा, म्हणजे जमिनीच्या मालकाला, तिथल्या देवाला, कळतं की आपली माणसं आली. सगळेच वाजवतात. पण बाकीचे ड्रायव्हर येता-जाता बकरीला, पोराला, कुत्र्याला वाजवतात, तसाच ओवोलाही. बादार्च दुसरीकडे कुठे वाजवतच नाही. भोंगा म्हणजे त्याच्या लेखी देवाशी बोलायची वस्तू. सासू त्याच्या भोंग्यासाठी अडून बसली ती म्हणूनच.

वाटेत तिचा श्वास बिघडला. दोन श्वासांमध्ये एवढी फट पडायची, की मी तिच्या नाकाशी हात नेऊन बघायची. गोन्चिग सारखा विचारत होता, "दादा, किती राहिलं?" आणि दादा सांगत होता, "थोडंच." कधी नव्हे तो गाडी जोरात चालवत होता. दगडावरून गाडी उडाली की तो दात आवळायचा, जणू आईला लागलेलं त्यालाच लागत होतं.

ओवो दिसायला लागला आणि त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि समोर बघितलं.

पुढे माळ हलत होता. मी जन्मापासून ह्या माळावर आहे, हरणं काय मला नवीन नाहीत. शेकडो बघितली, हजारो बघितली. पण हे तसलं काही नव्हतं. चढाच्या ह्या टोकापासून आभाळ जमिनीला टेकतं तिथपर्यंत जमिनीचा रंगच दिसत नव्हता, नुसत्या पाठी दिसत होत्या, तांबूस, एकीला लागून एक, सगळ्या एकाच दिशेला. आणि त्या पाठींखालून, पायांच्या मधून, पिल्लं चालली होती. नुकती धावायला लागलेली, कान अंगापेक्षा मोठे असलेली. ओवोच्या दोन्ही अंगांनी ते सगळं वाहत होतं आणि आमची वाट त्यात बुडाली होती. भीती म्हणावी तर भीती नव्हती. आपण किती थोडे आहोत, एवढंच वाटलं.

"थांबलो का?" सासूनं विचारलं. "ओवो आला?"

बादार्च आईशी खोटं बोलत नाही. "आला," तो म्हणाला.

"मग वाजव."

"आई, हरणं चालली आहेत. पिल्लं आहेत बरोबर. भोंगा वाजवला तर आया उधळतील आणि पिल्लं पायाखाली जातील."

मला वाटलं, म्हातारी आता म्हणेल, राहू दे बाळा. आयाच असं म्हणतात ना. ती म्हणाली, "मी तुझी आई आहे. वाजव."

"नाही वाजवत," बादार्च म्हणाला.

आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. ह्या माणसानं आईला नाही म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. गोन्चिग मागून पुढे झेपावला आणि त्यानं हात स्टिअरिंगवर टाकला. बादार्चनं त्याचं मनगट धरलं. गोन्चिग अंगानं दुप्पट आहे, पण त्याला हात हलवता आला नाही.

"आई मरतेय," गोन्चिगच्या डोळ्यांत पाणी होतं, "आणि तुला हरणांची पडलीय? तीनदा, दादा. नुसतं तीनदा."

"हळू बोल."

"तिनं जन्मात तुझ्याकडे काय मागितलं? सांग की. वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्याला."

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी म्हटलं, "अहो, वाजवा. पिल्लं गेली तर पुढच्या साली पुन्हा होतील." एरवी मी त्याला एकेरीत झापते. त्या दिवशी अहो आपोआप तोंडात आलं.

तो माझ्याकडे बघेना. त्यानं भावाचं मनगट सोडलं, खाली उतरला आणि मधलं दार सावकाश सरकवलं, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी. "नमद्याची दोन टोकं धर," तो गोन्चिगला म्हणाला. "तिला नेऊ."

"कुठे?"

"ओवोला. भोंगा नाही तर नाही. तिचा हातच लावू दगडाला."

गोन्चिग क्षणभर त्याला मारतो की काय असं वाटलं. मग त्यानं टोकं धरली. मी दुधाची बाटली घेऊन मागे निघाले. आम्ही चढ चढायला लागलो आणि हरणांनी माना वर केल्या. सगळा माळ थबकला. हजारो डोळे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही एका म्हाताऱ्या बाईला नमद्यावर घालून पाऊल पाऊल टाकत होतो. मग पुढची एक मादी बाजूला सरली, तिच्यामागे तिचं पिल्लू, मग आणखी दहा, आणि आमच्यापुरती जमीन मोकळी झाली. आम्ही पुढे गेलो तशी मागची जागा पुन्हा भरली. गाडी दिसेनाशी झाली. असं काही असतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ओवोपाशी नमदा टेकवला. बादार्चनं आईचा हात उचलून दगडावर ठेवला. तिनं बोटांनी चाचपलं, दगड, मग दगडाला गुंडाळलेलं रेशीम. दुसरा हात तिनं खाली नेला आणि गवत मुठीत धरलं. मी थोडं दूध दगडांवर ओतलं आणि एक बोट तिच्या ओठांना लावलं.

"आमचं गवत," ती म्हणाली.

आम्ही बसून राहिलो. हालचाल नाही म्हटल्यावर हरणं जवळ जवळ येत गेली. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून जायला लागली. खुरांचा बारीक आवाज, आयांचं घशातल्या घशात हाकारणं, पिल्लांचं उत्तर देणं. त्यांच्या अंगाचा ऊबदार वास आमच्या अंगावर येत होता. एक पिल्लू वाट चुकून आमच्यात शिरलं, नमद्याच्या कडेला अडखळलं, आणि म्हातारीच्या पायावरून उडी मारून गेलं.

"हे काय गेलं?"

"पिल्लू, आई."

"किती आहेत?"

बादार्चनं चारी बाजूंना बघितलं. "मला दिसतंय तिथवर," तो म्हणाला. "त्याच्या पलीकडेही असतील."

म्हातारीनं मान थोडी वळवून कान दिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ही बाई कशानं चकित होईल असं मला वाटतच नव्हतं. ती लहान पोरीसारखं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"मग मला गाडीत का निजवून ठेवलंत इतका वेळ, गाढवांनो?" ती म्हणाली.

तिचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तिचे श्वास लांब लांब होत गेले, आणि एकदा जी फट पडली ती भरलीच नाही. मी नाकाशी हात नेला, मग बादार्चकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईचं डोकं होतं तसंच धरून बसला.

कळप संपत नव्हता. एक मादी आमच्यापासून दोन पावलांवर उभी होती आणि तिचं पिल्लू तिला पीत होतं. मी गोन्चिगकडे बघितलं. लहानपणापासून त्याचं सगळं मोठ्यानं, हसणंही आणि रडणंही. त्याचं अख्खं अंग हुंदक्यांनी हलत होतं. दोन्ही हातांनी त्यानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं, आणि त्याची नजर त्या पिल्लावर होती. पिल्लाचं पिऊन होईपर्यंत त्यानं हात काढले नाहीत.