कपाळाला लावायचा रुपया

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जयपूरच्या एका माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात रुपया खाली पाडायला लावला.

फोनवर जुन्या नाण्यांचे लिलाव चालतात. दुपारचं जेवण झालं की आम्ही ते बघत बसायचो. घ्यायचं काही नसायचं, खोटी कुठली ती ओळखायची. लोक दुपारी सीरियल बघतात, आम्ही लबाड बघायचो. मी चौथी शिकलेला. जन्मभर येलहंक्यात शिवणयंत्रं दुरुस्त केली, त्यामुळे कानस कुठे फिरली ते मला दिसतं. फोटो बोटांनी मोठा होतो असं मुलीने दहादा सांगितलं, तरी मी फोनवर भिंग धरूनच बघायचो. कान मात्र माझा एक गेलेला, दुसरा जायच्या बेतात. हिचं उलट. डोळ्यांत मोतीबिंदू आणि कान मांजराचे. दोघांत मिळून एक धड माणूस होता.

त्या दिवशी एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया लिलावाला होता. तो सहसा मिळत नाही, म्हणून खोटाच जास्त मिळतो.

"नाक बघ राजाचं," मी म्हटलं. "सुजलंय. ओतीव काम आहे."

"तुमच्या थोरल्या भावाचं नाक आहे ते," ती म्हणाली. "थांबा, वाजवून बघू."

ओतलेलं खोटं नाणं थप्प वाजतं, खरी चांदी लांबवर वाजत राहते. आता फोटो कसा वाजवणार? म्हणून ही सरळ विकणाऱ्याला फोन लावायची.

"भैया, वो रुपया जरा नीचे गिराओ."

"क्या, माताजी?"

"गिराओ. आवाज सुनना है."

"यहाँ तो कालीन है."

"तो रसोई में जाओ."

गेला बिचारा. मागून कुणी बाई त्याच्यावर ओरडली, मग काहीतरी पडलं. ही डोळे मिटून ऐकत होती.

"ढेकूळ पडलं," ती मला म्हणाली आणि फोनमध्ये, "खोटा है भैया."

तो म्हणाला, फोनमुळे तसं ऐकू येतं, पुन्हा पाडून दाखवतो, पण आता तो फ्रिजखाली गेलाय. हिने फोन ठेवून दिला. आम्ही इतके हसलो की गॅसवरचा चहा उतू गेला.

उरलेला चहा पिऊन ती जरा पडते म्हणाली. उठली नाही. डॉक्टर हार्ट म्हणाला. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलं. आमची माणसं कितीतरी पिढ्या इथेच, कन्नड मुलखात, त्यामुळे इथलं पुष्कळ काही आमच्यात आलंय. गेलेल्या माणसाच्या कपाळाला कुंकवावर रुपया चिकटवायचा, हे त्यातलंच. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "एक रुपया द्या कुणीतरी."

सगळ्यांनी खिसे चाचपले. खिशांतून फोन निघाले. नोटा निघाल्या. रुपया एकाकडेही नाही.

व्हाइटफील्डहून आलेला जावई, मूळचा पुण्याचा, म्हणाला, "बाबा, ॲक्च्युअली कॉइन्स कुणी कॅरीच करत नाही आता."

"मग काय, तिच्या कपाळाला स्कॅन करायचा कागद चिकटवू?"

मी ओरडलोच. कान गेलेला माणूस सगळं ओरडूनच बोलतो.

तेवढ्यात मुलगी आतून शेवयांचा डबा घेऊन आली. "हे काय, आईकडे एवढी नाणी आहेत की!"

त्या डब्यात आमची सुरुवातीची खरेदी होती, ओळखता येत नव्हतं तेव्हाची. मुलीने वरचं मोठं नाणं उचललं.

"ठेव ते. खोटं आहे."

"चालतं हो, बाबा."

"चालत नाही! खोटं नाणं कपाळावर घेऊन ती वर गेली तर तिथे सगळ्यांना सांगत सुटेल."

जावयाने दुसरं काढलं. मी भिंग लावलं. "हे आठाचं पोट कापून नऊ केलेलं. कानशीची रेघ बघ." त्याने बघितलं. मग त्याच्या मागचा बघायला आला. अक्कांनी चष्मा आणवला. राणीचा कान कुठे असायला हवा आणि इथे कुठे गेलाय ते मी दाखवलं. माणसं रडायला आली होती, ती भिंगासाठी रांग लावून उभी राहिली. पुरोहितसुद्धा म्हणाला, माझ्या घरी एक आहे, आणून दाखवू का?

एक नाणं मात्र डोळ्यांना खरं वाटलं. मी ते फरशीवर पाडलं. सगळे कान देऊन वाकले. मला काहीच ऐकू आलं नाही. मी सवयीने तिच्याकडे बघितलं.

मग चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

कोपऱ्यावरच्या दुकानात दहाची नोट दिली, काडेपेटी घेतली. त्याने उरलेल्या पैशांच्या चॉकलेटच्या गोळ्या दिल्या. म्हटलं, गोळ्या नकोत, रुपया दे. "चिल्लरे इल्ला, अण्णा." पुढच्या दुकानातही गोळ्याच. खिसा गोळ्यांनी भरला. कपाळाला गोळी चिकटली असती हो, पण तिला गोड बंद होतं.

शेवटी आली ती बस पकडली. पुढच्या थांब्याचं तिकीट काढलं, कंडक्टरने सुट्ट्यांत एक रुपयाचं नाणं दिलं. मी ते तिथेच खाली पाडलं. इंजिनाचा नुसता घरघराट. पुढच्या सीटवरच्या बाईने वाकून नाणं उचलून दिलं.

"आवाज कसा आला?" मी कन्नडात विचारलं.

"कसा म्हणजे?" ती म्हणाली. "रुपयासारखा."

तेवढं मला पुरलं. उतरलो आणि चालत घरी आलो.

"कुठे होतात, बाबा?" मुलगी रडत म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

मी तिच्या हातात गोळ्या दिल्या आणि खाली बसलो. कुंकू ओलं करून लावलं, वर रुपया ठेवला. तो घसरून नाकावर आला. परत लावला, परत आला. अक्का म्हणाल्या, स्वल्प मध लावू या, आणि चारपाच जण मध शोधायला स्वयंपाकघरात गेले. त्यांना तो काही सापडेना. मध कुठे आहे ते तिलाच ठाऊक.

गाडी दारात येऊन उभी राहिली तरी मी रुपया अंगठ्याने दाबून बसलो होतो.

"सोडा आता, बाबा," जावई म्हणाला.

"पडेल," मी म्हटलं, आणि तसाच गाडीत चढलो.