बोलका चाकू

केंटकीच्या डोंगरात खिशात चाकू नसलेला माणूस लोकांना चपला विसरून आल्यासारखा वाटतो. डेल्फिया कोम्ब्सने मात्र बासष्ट वर्षं चाकूवाचून काढली. घरात एक होता, नवऱ्याचा, आणि तेवढाच तिला पुरे झाला होता.

नवरा होबर्ट खाणीतून आला की टेबलाशी बसून चाकू उघडायचा, मिटायचा. खट्ट. खट्ट. त्या चाकूने त्याने तिला कधी ओरखडाही काढला नाही. जे करायचा ते हाताने. पण हात उठण्याआधी चाकूचा आवाज थांबायचा, म्हणून चाळीस वर्षं ती तिकडे कान लावूनच स्वयंपाक करत राहिली. एकदा तो थांबला तेव्हा तिची धाकटी बहीण ओपल दाराशी उभी होती; तिने पुढचं सगळं पाहिलं. मार्चमध्ये तो गेला, तेव्हा तिने चाकू त्याच्या कोटाच्या खिशात घालून त्याच्याबरोबर पुरला. केवढी माया, असं लोक म्हणाले.

आवाज मात्र घरातच राहिला. भर दुपारी शेंगा निवडताना टेबलाकडून खट्ट व्हायचं आणि शेंग हातातच ठेवून ती वळून पाहायची. घर विकून टाकावं, इथवर गोष्ट आली होती. घर तिच्या आईचं, मागची बाग तिच्या हातची. एका मेलेल्या माणसापायी ते सोडायचं या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं घरातल्या सुरीने फाडताना अंगठा कापला, तेव्हा ती डॉर्सीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. पहिलाच आहे, वीस डॉलरच्या आतला दाखव, म्हणाली. डॉर्सी चाकूंचा वेडा. तिकडे चाकू ‘बोलतो’ असं म्हणतात. मिटताना जितका खणखणीत वाजेल तितका तो चांगला. त्याने पाच चाकू मांडले आणि एकेक तिच्या कानाशी वाजवून दाखवला. ती काउंटरची कड घट्ट धरून उभी होती. शेवटचा पिवळ्या मुठीचा तिने स्वतः मिटला. त्यातून चकार शब्द निघाला नाही.

“तो मुका आहे, डेल्फियाबाई,” डॉर्सी म्हणाला. “स्प्रिंगमध्ये दमच नाही. एखाद दिवशी बोटावरच मिटेल.”

“मला मुकाच हवाय.”

आठ दिवस त्या मुक्या चाकूने तिने पोती फाडली, टोमॅटो बांधायची सुतळी कापली. घर आपलं वाजतच होतं. नवव्या दिवशी चाकू खरंच तिच्या बोटावर मिटला. पट्टी बांधून ती पुन्हा दुकानात आली. डॉर्सीच्या ओठावर थट्टा आली होती, पण तिचा चेहरा पाहून त्याने ती गिळली.

“बोलका दे,” ती म्हणाली.

“त्या दिवशी तर नको म्हणालात.”

“त्या घरात चाकू बोलायचा थांबत नाही, डॉर्सी. मग निदान माझा तरी बोलू दे.”

सतरा डॉलरचा, तपकिरी मुठीचा चाकू घेऊन ती घरी आली. खिडकीचा उजेड होबर्टच्या खुर्चीवर पडत होता, म्हणून ती तिथेच बसली. पातं उघडलं, मिटलं. खट्ट. हा तिच्या अंगठ्याने केलेला आवाज होता. पुन्हा एकदा केला, मग आणखी एकदा. वळून पाहावंसं वाटलं नाही. तिला हसू आलं, आणि ती लहान पोरीसारखी उघडत राहिली, मिटत राहिली.

बाहेर पायरीवर पाऊल वाजलं. कोण आलं ते पाहावं, आलेल्याला नवा चाकू दाखवावा, म्हणून तिने हात थांबवला आणि ती उठली.

दार उघडलं तर पायरीवर मक्याच्या पावाचं पातेलं होतं, अजून गरम. आणि ओपल, गुडघे दुखतात म्हणून इतकी वर्षं या दाराशी न आलेली, उतारावरून खाली पळत होती.